आमच्या नावाने दार लावू नका: कँटरबरीच्या आर्चबिशपांना खुले पत्र

माननीय आर्चबिशप सारा मुलाली यांस,

प्रभूमध्ये सलाम.

मी नगर जिल्ह्यातली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची सभासद. तुम्ही इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख, आणि तुमच्या गादीला मानणाऱ्या जगभरच्या अँग्लिकन परिवारातलंच आमचं चर्च. ऑक्टोबर २०२५मध्ये तुमचं नाव जाहीर झालं तेव्हा आमच्या महिला मंडळात पेढे वाटले. १०६ आर्चबिशपांत पहिलीच बाई, आणि तीही आधी नर्स. आमच्यातल्या कितीतरी आया-मावश्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे हा आनंद घरचाच वाटला.

त्याच महिन्यात तुमच्या बिशपांनी सांगितलं की समलिंगी जोडप्यांसाठी स्वतंत्र आशीर्वादाची उपासना हवी असेल, तर सिनडच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या निर्णयसभेच्या, तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील. आणि गॅफकॉन या परंपरावादी अँग्लिकन गटाच्या आर्चबिशपांनी कँटरबरीशी नातं तोडत, खरा जागतिक अँग्लिकन परिवार आपणच, असं जाहीर केलं. तेव्हापासून एकच गोष्ट कानावर येते: आशिया-आफ्रिकेतली मंडळी दुखावतील, म्हणून इंग्लंडने थांबावं. त्या मंडळीत मला धरू नका, हे सांगायला मी लिहायला बसले.

विरोध करणाऱ्यांचा विश्वास मी खोटा मानत नाही. १९९८च्या लँबेथ परिषदेचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेचा, ठराव त्यांच्या बाजूने आहे, हेही खरं. पण आमच्याकडचा सगळा ख्रिस्ती समाज एका आवाजात बोलतो, हे खरं नाही. चर्च ऑफ साउथ इंडियाने आंध्रातल्या नंद्याळला बाईला बिशप केलं २०१३मध्ये. इंग्लंडला त्यासाठी २०१५ उजाडावं लागलं. तेव्हा आम्ही तुमच्यासाठी थांबलो नव्हतो.

आमच्याच घरातलं सांगते. वडील एस. पी. जी. या इंग्लंडच्या मिशनच्या घरातले, अँग्लिकन. तान्हेपणीच पाळकांनी त्यांच्या कपाळावर पाणी घातलं. आई डहाणूकडची, ब्रदरन मंडळीची. त्यांच्यात बाप्तिस्मा समजत्या वयात, पाण्यात उतरून, तीनदा बुडवून. दोघांच्याही आजोबांना दुसऱ्याचा बाप्तिस्मा मान्य नव्हता, आणि बाप्तिस्मा काही किरकोळ बाब नव्हे. तरी २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्चेस एक होऊन आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही दोन्ही पद्धती ठेवून. बाळाचा करा किंवा मोठेपणी करा, मंडळी एकच. आम्हा भावंडांत दोघांचा तान्हेपणी झाला, धाकट्या बहिणीचा सतराव्या वर्षी. प्रभुभोजनाला तिघंही एकाच रांगेत गुडघे टेकतो.

त्या धाकट्या बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथे २०१४पासून कायद्याने समलिंगी लग्न लागतं, तसं तिचं तिच्या जोडीदारणीशी लागलं, रजिस्ट्रारसमोर. पण तिला देवासमोर उभं राहायचं होतं. डिसेंबर २०२३पासून तुमच्याकडे नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यासाठी प्रार्थना करता येते, म्हणून आम्ही दोघी बहिणी गेलो. बहिणीने स्वतःच्या लग्नातली पांढरी रेशमी साडी नेली होती, मुलीला नेसवायला. आदल्या दिवशी कळलं की लग्नासारखं काही दिसता कामा नये. साडी पिशवीतच राहिली. रविवारी प्रवचनानंतर दोघी पुढे गेल्या, पाळकबाईंनी अगदी मनापासून प्रार्थना केली, दोघींच्या डोक्यावर हात ठेवले. तीनेक मिनिटं. मग लगेच पुढचं गीत, आणि शेवटी छताच्या दुरुस्तीसाठीच्या वर्गणीची सूचना. माझी बहीण ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. त्या पाळकबाईंचा यात दोष नाही. त्यांना जेवढं करू दिलंय, तेवढं त्यांनी केलं.

लंडनच्या बिशप असताना समलिंगी जोडप्यांच्या या प्रश्नावर काम करणाऱ्या समितीच्या तुम्ही प्रमुख होतात. ही जोडपी तुम्ही समोर बसून ऐकली आहेत. शिवाय तुम्ही ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता, तुमचं चर्च देशाच्या कायद्याने स्थापलेलं आहे, म्हणजे तुमच्या शब्दाला नुसत्या प्रवचनापेक्षा जास्त वजन आहे.

म्हणून मागणी स्पष्ट करते. स्वतंत्र उपासनेचा प्रस्ताव सिनडपुढे आणा, त्याची तारीख सांगा. दोन तृतीयांश मतं पडतील की नाही, ते मोजल्यावर कळेल. ज्या पाळकांचं मन मानत नाही, त्यांना आज जशी सूट आहे तशीच राहू द्या. आमच्याकडे दोन बाप्तिस्म्यांचं असंच चालतं, पन्नासहून जास्त वर्षं झाली. आणि कुणी म्हणालं की भारतातली मंडळी सोडून जातील, तर त्यांना नागपूरची गोष्ट सांगा.

साडी बहिणीने भाचीकडेच ठेवलीय.

प्रभूमधली तुमची बहीण,
नगर जिल्ह्यातली एक सभासद