ऑपरेशननंतर पडून राहू नकोस

फोंडा, गोवा
रविवार

प्रिय सुनंदा,

काल फोनवर तुझी जाऊ मध्येच आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हटलं, लिहूनच काढावं. फोनवर तू 'हो हो' म्हणतेस आणि सोडून देतेस.

मुंबईची तारीख मिळाली, बरं झालं. पोटाची चरबी-कातडी घेऊन छाती घडवायची म्हणजे सहा-आठ तासांचं काम. टाक्यांची काळजी तू करतेच आहेस, मला काळजी आहे ती तुझ्या पायांची. भुलीत इतका वेळ निपचित पडल्यावर पोटऱ्यांतलं रक्त मंदावतं. त्यात कॅन्सरमुळे रक्त गोठायचा कल वाढलेला, आणि पोट ताणून शिवलं की पायांतून वर येणारं रक्त आणखी अडतं. तिथे गुठळी धरली आणि सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं. पुष्कळदा टाळता येतं, म्हणून तर एवढं लिहितेय.

डॉक्टर कॅप्रिनी नावाच्या तक्त्यावर हा धोका मोजतात. मी तुझे गुण मांडले: वय ४१ ते ६० मधलं त्याचा १, पाऊण तासावरच्या मोठ्या ऑपरेशनचे २, कॅन्सरचे २, वजनाचा १ (रागावू नकोस, चवथीच्या नेवऱ्या मीही सोडलेल्या नाहीत). झाले ६. पण अगो, तुझ्या भावाच्या पायात गुठळी झाली होती ना? सख्ख्या नात्यात असं कुणाला झालं असेल तर त्याचेच ३. हे सर्जनना सांगितलंस? त्यांनी विचारलं नसेल तरी आपण होऊन सांग. टॅमॉक्सिफेन, ती कॅन्सरवरची गोळी, चालू आहे हेही सांग. त्या गोळीनेही गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून कित्येक सर्जन ऑपरेशनआधी काही आठवडे ती थांबवतात. पण ते तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ठरवायचं, तू मनाने बंद करू नकोस. वन्संनी दिलेल्या लसणाच्या कॅप्सूल मात्र पिशवीतून काढून सर्जनना दाखव. रक्त पातळ करणाऱ्या असल्या गोष्टी कुणी औषधात धरत नाही.

तिथे पोटऱ्यांना पट्टे बांधतील, हवेने फुगून सैल होणारे. रात्री आवाजाने झोपमोड होईल, तरी काढायला लावू नकोस. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनच्या जातीचं इंजेक्शनही देतील. ते लवकर दिलं तर नव्या छातीत रक्त साठायची भीती, उशिरा दिलं तर गुठळीची, म्हणून वेळ सर्जनच ठरवतात. घरी चालू ठेवायला सांगितलं, तर कुठे टोचायचं ते नीट विचारून घे. एरवी पोटावर देतात, पण तुझं पोट शिवलेलं असणार. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ घालायची, आणि नंतर चोळायचं नाही. चोळलं की काळंनिळं होतं.

खरी गंमत घरी आल्यावर. तुझ्या सासूबाई तुला बाळंतिणीसारखी निजवून हातात पेजेची वाटी देतील. माया खरी, पण सर्जरीच्या वॉर्डात मी हेच पाहत आले: पेशंट उठायला तयार, आणि नातेवाईक म्हणतात, "राहू दे गे, दुखेल." सुरुवातीला कंबरेत वाकून चालावं लागेल, बाहेरचं कुणी आलं तर लाज वाटेल. वाटू दे. ओसरीतून तुळशीपर्यंत, परत, थोड्या वेळाने पुन्हा. निजल्या निजल्याही पावलं वर-खाली हलवत राहा, आणि पाणी पी. घरी आलीस म्हणजे धोका टळला असं नाही, तो काही आठवडे राहतो.

यायचं तिकीट काढण्याआधी प्रवास कधी करायचा ते सर्जनना विचार. मांडवी एक्सप्रेस म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. कडेची सीट घे आणि तासा-दीड तासाने डब्यातून फेरी मार. स्लीपर बसने येऊ नकोस, तिथे उभं राहायलाही जागा नसते.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी दाखव. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर कुणाला विचारत बसू नकोस, सरळ १०८ लाव. गॅस झाला असेल म्हणून ओवा देणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत.

भावाचं ते सर्जनना कळवलंस की मला मेसेज कर. इंजेक्शनं घरी द्यायची ठरली तर पहिले काही दिवस मी डिचोलीला येऊन देते, मग तुझ्या लेकीला शिकवीन.

तुझी,
शालन