शनिवारी गाडी घेऊन येतेय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तब्येतीचा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून फोन पुढे करतात, म्हणून लिहितेय. आई, मोठ्याने वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

बाबा, लहानपणी तुम्ही पालथे झोपायचात आणि मी भिंत धरून तुमच्या पोटऱ्या तुडवायचे. "जेवली नाहीस का गं?" म्हणायचात. गणपतीत पाय चेपताना नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी पाहिलं आणि गप्प बसले. तेच मनाला खातंय.

आईने पाठवलेले गोळ्यांचे फोटो इथल्या डॉक्टरांना दाखवले. तुमच्या सकाळच्या एका गोळीत तीन औषधं आहेत: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन. इन्सुलिन सुरू झालं तरी ती तशीच चालू राहिली. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं, इन्सुलिननेही थोडं साठतं. दोन्ही मिळून पाय सुजतात, वजन वाढतं आणि थकलेल्या हृदयाला तो भार झेपत नाही. रात्री दोन उशा लागतात ते वयामुळेच, असं धरून चालू नका. यात कुणाची चूक काढत नाही. तीन चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिल्याच नाहीत, मीसुद्धा नाही.

ग्लिमेपिराइडची गोष्ट वेगळी. तेही साखर उतरवतं, इन्सुलिनही. मागच्या संकष्टीला चंद्राची वाट बघता बघता तुम्हाला दरदरून घाम फुटला, जीभ अडखळली, आणि आईला नानाकाकांचा अर्धांगवायूच आठवला. साखरपाण्याने सावरलात. पण साखर इतकी पडली की हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. तेव्हा "माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) सहाच्या आत" ही फुशारकी आता पुरे. अमेरिका-कॅनडातल्या दहा हजारांवर मधुमेहींच्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात साखर तितकी खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून 2008 मध्ये तो भाग थांबवला. तुम्हाला सात-साडेसात चालेल म्हणाले डॉक्टर.

तर ठरवलंय. शनिवारी येतेय, सोमवारी इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, मग महिनाभर पुण्यातच. मुलीच्या घरी राहायचं नाही, ठाऊक आहे. पण घराचा अर्धा हप्ता मी भरते, माझ्या अर्ध्यात राहा! जावयांनी स्वतः कमोडशेजारी दांडी बसवून घेतली. ज्वारी दळून आणलीय. पेपर सातच्या आत येतो. आई, तुळशीचं शेजारच्या काकूंना सांगितलंय. तुम्हाला घर सोडायला लावत नाहीये, खरंच. तिकडे इको असता तर मीच येऊन राहिले असते.

आता ऐका. आपल्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी ती गोळी थांबवून नुसतं मेटफॉर्मिन दिलंय, दुकानात सांगून ठेवलंय. इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहा. साखर सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. आणि आडवं झाल्यावर दम लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा हातातली ताकद गेली, तर शनिवारची वाट न बघता दवाखाना. आधी मला फोन नको, आधी रिक्षा.

पुढची संकष्टी तुमच्या वाटची मी धरेन. तुम्ही जेवायचं.

ग्लुकोमीटर पिशवीत वरच ठेव गं आई, स्वेटरांखाली नको.

तुमची
छकुली