स्ट्रॉबेरी : फवारणीआधी रोगाची ओळख हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्ट्रॉबेरीवरील रोगांविषयी वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पानांवर जे छापून येते, त्याची सुरुवात बहुधा औषधाच्या नावाने आणि प्रमाणाने होते. रोग कोणता हे कसे ठरवायचे, याची मात्र एखाद-दुसऱ्या ओळीत बोळवण केली जाते. हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मलूल झालेल्या रोपाचेच पाहा. पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढवले जाते आणि मुळे कुजत असतील, तर त्याने रोगाचेच फावते. असे एखादे रोप उपटून जमिनीलगतचा जाड भाग, म्हणजे क्राऊन, धारदार चाकूने उभा चिरावा. निरोगी क्राऊन आतून पांढरट असतो. त्यात लालसर तपकिरी पट्टे पसरलेले दिसले, तर अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाची दाट शंका घ्यावी. मुळाचा केवळ मधला गाभा लाल झाला असेल, तर ती फायटोफ्थोरा गटातील मूळकूज असते आणि तेथे निचरा सुधारल्याखेरीज औषधाचा फारसा उपयोग होत नाही. बाहेरची जुनी पाने वाळूनही मधली कोवळी पाने हिरवी राहिली, तर व्हर्टिसिलियम या जमिनीतील बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाकडे बोट जाते. अंतिम खात्री प्रयोगशाळेतच होते, हे खरे. पण नमुना कशाचा पाठवायचा, हे तरी चाकूमुळे कळते.

पानांच्या बाबतीत पान उलटून पाहण्याचा कंटाळा नडतो. भुरी या बुरशीजन्य रोगात पानाच्या कडा वर वळतात आणि पांढरी पूड बहुधा खालच्या बाजूस आधी दिसते. या बुरशीला पान ओले असण्याची गरज नसल्याने ती पॉलिहाऊससारख्या आच्छादित शेतीतही फोफावते. जांभळ्या कडेचे, मध्ये पांढुरके असलेले गोल ठिपके हा वेगळा बुरशीजन्य रोग. शिरांच्या मधले कोनाकृती ठिपके पान उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक दिसले, तर रोग जिवाणूजन्य समजावा. त्यावर भुरीचे औषध मारणे म्हणजे निव्वळ खर्च.

सर्वाधिक नुकसान मात्र बोट्रायटिस या बुरशीच्या राखाडी फळकुजीने होते, आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याचविषयी आहेत. फळावर राखाडी लव दिसते तेव्हा संसर्ग नवा नसतो. तो बहुतेक वेळा फुलोऱ्यातच झालेला असतो आणि फळ पिकू लागेपर्यंत सुप्त राहतो. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि फुलांवर बराच वेळ टिकलेला ओलावा तिला मानवतो. म्हणून बंदोबस्त फुलोऱ्यात करावयाचा असतो, तोडणीच्या तोंडावर नव्हे. तोडणीच्या वेळी फवारणी करून काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांतील ठरलेले अंतर, न पाळणे तर ग्राहकावरही अन्यायच आहे. तुषारऐवजी ठिबक, हवा खेळेल एवढे अंतर, नत्राचा बेताचा वापर आणि सडकी फळे सरीत न टाकता शेताबाहेर नेणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी त्यांना पर्याय नाही. ही बुरशी औषधांना लवकर सरावते, त्यामुळे एकाच गटातील, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारे, बुरशीनाशक लागोपाठ वापरू नये. व्यापारी नाव बदलले म्हणजे गट बदलतोच असे नाही. लेबलावरील घटक वाचावा.

अँथ्रॅक्नोज आणि जिवाणूजन्य ठिपके बरेचदा रोपांबरोबरच शेतात येतात, तेही रोपे वरून ठणठणीत दिसत असताना. रोगमुक्त मातृरोपांपासून तयार केलेली रोपे घेण्याबाबत म्हणूनच तडजोड नको.

आपल्या शेतीविषयक पानावर हंगामापूर्वी चिरलेल्या क्राऊनची, उलटलेल्या पानांची आणि रोगट फुलांची स्पष्ट रंगीत छायाचित्रे छापावीत, आणि औषधांचा तक्ता त्यांच्या खाली द्यावा, ही विनंती.

आपला,
एक स्ट्रॉबेरी उत्पादक