प्रिय बाय, आईच्या कापडी बुटांबद्दल

प्रिय बाय,

खरं तर तुला तुझ्या नावानेच हाक मारायला हवी. पण आईने पहिल्या तासातच तुझी ‘बाय’ करून टाकली, म्हणून मीही तेच लिहिते. गोव्यात मुलीला लाडाने बाय म्हणतात. हे तुला सांगायचं राहूनच गेलं. ही म्हातारी दिवसभर सारखा निरोप का घेतेय, असं तुला वाटलं असणार.

आईचा हुकूम आहे, पत्र मराठीतच लिही. तू फोनवर भाषांतर करून वाचशील. त्यात काही विनोदी निघालं तर दोष माझा नाही.

तू भेटलीस त्याच्या आदल्या दिवशी आम्ही हाँगकाँगहून ज्या ग्रूपबरोबर आलो, त्यांच्या लेखी मकाव, चीनच्या किनाऱ्यावरचं हे एकेकाळचं पोर्तुगीज शहर, म्हणजे एक कॅसिनो, एक एग टार्ट आणि सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर चाळीस मिनिटं. आईचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार नव्हते. ती खालीच एका दुकानाच्या ओट्यावर बसून राहिली, आणि मी वर जाऊन तिच्यासाठी फोटो काढून आणले. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला इतक्या लांब आणून फोटो दाखवायचे! त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीसाठी तुला अर्ध्या दिवसाची गाइड म्हणून ठरवलं ते त्यामुळे. तू संध्याकाळपर्यंत थांबलीस.

तू वाट उलटी धरलीस, ते बरं केलंस. सुरुवात आ-माच्या देवळापासून केलीस. पोर्तुगीज 1557 मध्ये इथे वस्तीला आले, त्याआधीपासून उभं असलेलं समुद्रदेवीचं देऊळ. खडकावर कोरलेलं जहाज, डोक्यावर टांगलेली उदबत्त्यांची भली मोठी वेटोळी. आईने चप्पल काढून हात जोडले. दर्यावर्दी लोकांची देवी म्हटल्यावर तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या देवीवरूनच शहराला मकाव नाव पडलं, हे मात्र तिला फार आवडलं.

आम्ही गोव्याच्या, असं मी बोलता बोलता म्हणाले, आणि तू एकदम थांबलीस. मग नेलंस थोडं वर, टेकडीच्या उतारावर, कमानींचा व्हरांडा असलेल्या त्या पिवळ्या-पांढऱ्या इमारतीकडे. मूरिश बराकी. 1874 मध्ये बांधल्या त्या मकावच्या पोलीस दलात भर घालायला गोव्याहून आणलेल्या शिपायांसाठी. आता तिथे बंदरखात्याचं कार्यालय आहे. मी शाळेत पोर्तुगिजांबद्दल शिकले ती वसई, चिमाजीअप्पा आणि 1739. आपल्याकडची माणसं त्यांच्या नोकरीत चीनच्या किनाऱ्यावर येऊन पहारा देत होती, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. आई बराच वेळ त्या व्हरांड्याकडे बघत होती. मग म्हणाली, “यांना नुस्तें मिळत असेल ना इथे?” नुस्तें म्हणजे मासळी. मी भाषांतर केल्यावर तू इतक्या गंभीरपणे “भरपूर” म्हणालीस की तिचा जीव भांड्यात पडला.

पण मला खरं लिहायचंय ते पुढच्या दोन गोष्टींबद्दल.

पहिली, मँडरिन हाउस. झेंग ग्वानयिंग या सुधारणावादी विचारवंताच्या घराण्याचा एकोणिसाव्या शतकातला वाडा. करड्या विटा, चौक, साठेक खोल्या, सगळं चिनी पद्धतीचं, आणि मधेच पाश्चात्त्य कमानी. इथे तू गाइडचं भाषण करू शकली असतीस, तुला ते पाठ असणारच. त्याऐवजी तू आईला एका खिडकीपाशी नेलंस आणि विचारलंस, “हे काय आहे, ओळखता?” काचेच्या जागी पातळ शिंपले बसवलेले, चौकोनी कापून, लाकडी पट्ट्यांत. त्यातून येणारा उजेड दुधात कालवल्यासारखा. आईने बोटाच्या टोकाने हलकेच टिचकी मारली, आवाज ऐकला आणि सरळ आजोळच्या घराबद्दल बोलायला लागली. फोंड्याजवळच्या त्या घरात अशाच खिडक्या होत्या. पावसाळ्याआधी त्या ओल्या फडक्याने पुसायचं काम तिचं, आणि एक शिंपला फुटला म्हणून खाल्लेला मारही तिचाच. तू मागून हळूच सांगितलंस की या वाड्यातल्या खिडक्यांचे शिंपले भारतीय धाटणीचे मानले जातात. तोवर आमच्या बाईसाहेबांनी दोन अनोळखी चिनी पर्यटकांनाही ते खाणाखुणांनी समजावून दिलं होतं.

दुसरी गोष्ट पाट्यांची. निळ्या-पांढऱ्या फरशांवर वर चिनी, खाली पोर्तुगीज. आई 1961 पर्यंत पोर्तुगीज शाळेत होती, अकरा वर्षांची होईतो. नंतर सगळं मराठीत झालं. ती भाषा तिने कुठे ठेवून दिली होती कोण जाणे. पहिली पाटी तिने अडखळत वाचली, पाचवी फाडफाड. तू कबूल केलंस की तुला पोर्तुगीज जेमतेम येतं, शहरात आता फार थोडेच लोक ते बोलतात. आणि मग गाइड कोण नि पर्यटक कोण, ते कळेना. सेंट पॉलजवळच्या त्या गुलाबी-पिवळ्या गल्लीचं चिनी नाव ‘प्रेमाची गल्ली’, लग्नाचे फोटो काढायला जोडपी तिथे रांगेत. आईने पाटी वाचली, त्राव्हेसा दा पायशांव, आणि म्हणाली, अगो, हे प्रेम कसलं, हे ख्रिस्ताच्या यातनांचं. आमच्या शेजारी गुड फ्रायडेला हाच शब्द असायचा. तू तो शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलास आणि वहीत लिहिलास. त्या वहीबद्दल तुझे विशेष आभार.

बाकी शहर आम्ही भराभर पाहिलं. लिलाऊ नावाच्या चौकात पाणी प्यालो, सेंट जोसेफच्या चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियरच्या हाताचं हाड पाहिलं (शरीर जुन्या गोव्यात, हाड इथे, आई म्हणाली, संतालाही बदली चुकत नाही). बेबिंक, म्हणजे आमची गोव्याची थरांची मिठाई, मागवली तर समोर आलं नारळाच्या दुधाचं कस्टर्ड, एकही थर नाही! यावर आईचं मत तू ऐकलंच आहेस.

सेनादो चौकात त्या काळ्या-पांढऱ्या लाटांच्या दगडी फरसबंदीवर तिच्या चपलेचा अंगठा तुटला. मी चांभार शोधत होते. तू पाच मिनिटांत कुठूनसे काळे कापडी बूट घेऊन आलीस, खाली बसलीस आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायांत घातलेस. पैसे घेतले नाहीस.

त्या बुटांत ती सेंट पॉलच्या पायऱ्या चढली, अर्ध्यावर दोनदा टेकून, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. 1835 च्या आगीतून उरलेली ती एकटी दर्शनी भिंत. जपानमधून छळाला कंटाळून आलेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक पाथरवटांनी घडवलेली, मेरीच्या पायाखाली सात तोंडांचा ड्रॅगन आणि शेजारी चिनी अक्षरं. आईने मागे डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “घर गेलं, दार राहिलं.” नंतर शेजारच्या, ना-चा या चिनी बालदेवाच्या चिमुकल्या देवळालगतच्या जुन्या तटाला हात लावला. माती, पेंढा, शिंपल्यांचा चुरा. याला इथे चुनांबो म्हणतात, असं तू म्हणालीस. “चुनाच की गो!” म्हणून ती जी हसली, तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे.

बूट ती घरात वापरते. बाहेर घालत नाही, झिजतील म्हणून. आणि तुझा पत्ता मागितलाय. खरी बेबिंक, सात थरांची, चांगली टिकते, तेव्हा पोस्टाने पाठवायची, असा तिचा बेत आहे. मला तिथल्या कस्टमची काळजी वाटते, पण तिच्यापुढे माझं काय चालणार? पत्ता कळव.

तुझी,
शिंपल्याच्या खिडकीवाल्या बाईंची मुलगी