हातात फक्त झाडू

फिलाडेल्फिया,
नोव्हेंबरअखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या क्वायरला यंदा तू चाळणी लावणार म्हणतोस. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येईल त्यालाच पुढे उभं करायचं, बाकीच्यांनी बाकावर बसून गावं. आणि वर विचारतोस, "तुझं काय मत?" अरे, मत तुला माहीतच आहे, नाहीतर विचारलं नसतंस. पण नुसतं "नको" लिहून पाकीट बंद करायला मन घेईना. म्हणून एका माणसाबद्दल लिहितो. तो इथलाच, याच शहरातला. निवांत वेळ काढून वाच. वहिनी चहाला हाक मारतील तेव्हा उठू नकोस.

चार्ल्स आल्बर्ट टिंडली हे नाव तू ऐकलं नसशील, त्याची गाणी मात्र ऐकली आहेस. जन्म १८५१चा, मेरीलँडमधल्या बर्लिन नावाच्या खेड्यातला. (जर्मनीतलं बर्लिन नव्हे, इथे युरोपातल्या शहरांची नावं खेड्यांना सर्रास देतात.) बाप गुलाम, आई स्वतंत्र. तिकडचा कायदा असा होता की मूल आईच्या वाटेने जाणार, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, आई मोकळी तर मूल मोकळं. त्यामुळे पोरगा कागदोपत्री मोकळा. पण आई लहानपणीच गेली, मावशीने सांभाळलं, आणि हात कामाला येताच त्याला दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला धाडलं. तिथे गुलामांत राहायचं आणि गुलामांसारखंच राबायचं. कागदावरचं स्वातंत्र्य दिवसभराच्या कामात कुठे दिसायचं नाही.

वाचायला शिकवणारं कोणी नव्हतं, पुस्तक जवळ बाळगायची सोय नव्हती. मग पोरगा रस्त्यावर पडलेले वर्तमानपत्राचे तुकडे उचलायचा, सदऱ्याच्या आत लपवायचा, आणि रात्री सगळे झोपले की पाइनच्या लाकडाच्या गाठी पेटवून त्या उजेडात अक्षरं जुळवायचा. हे त्याने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलंय. पुढे एका रविवारी तो अनवाणी, एकुलता एक सदरा धुऊन, दूरच्या चर्चला चालत गेला. ज्या मुलांना पवित्र शास्त्र वाचता येतं त्यांनी पुढे या, असं पाळकाने म्हटलं आणि हा उठून पुढे गेला. आजूबाजूच्या पोरांचे कपडे धड, याचे पाय उघडे. तरीही गेला.

इथेच तुला थांबवून विचारतो. त्या दिवशी तू तिथला क्वायरमास्तर असतास तर या पोराला कोणत्या रांगेत उभं केलं असतंस?

असो. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, टिंडलीने डेझी नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि दोघं फिलाडेल्फियाला आली. इथे तो बांधकामावर बिगारी झाला. खांद्यावर विटा आणि चुना घेऊन शिडी चढायची. दिवसा हे, आणि रात्री शाळा. त्याच काळात बेनब्रिज स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्याला झाडलोटीचं काम मिळालं. चर्च झाडायचं, बाक पुसायचे, थंडीत शेगडी पेटवायची. आपल्याकडे मंडळीचा शिपाई जे करतो तेच सगळं. ते करता करता त्याने ग्रीक शिकून घेतलं, पोस्टाने धडे मागवून. हिब्रूसाठी याच शहरातल्या ज्यू गुरूंकडे गेला. माझं नववीचं संस्कृत सुटलं ते पुन्हा हाती आलं नाही, आणि हा माणूस दिवसभर विटा वाहून ग्रीकची क्रियापदं पाठ करत होता. मी चकित होतो ते इथे. पाळक होण्यापेक्षाही मला हे मोठं वाटतं.

१८८५च्या सुमारास पाळकपदाची परीक्षा आली. तिची गोष्ट इथली जुनी माणसं अजून सांगतात. एका पदवीधर उमेदवाराने त्याला हिणवून विचारलं, "आमच्याकडे पदव्या आहेत, तुझ्याकडे काय आहे?" टिंडली म्हणाला, "माझ्याकडे फक्त झाडू." निकाल लागला तेव्हा तो दुसऱ्या नंबरवर होता. शब्द जसेच्या तसे हेच असतील असं नाही, शंभर तोंडांतून आलेली गोष्ट गुळगुळीत होतेच. पण परीक्षा त्याने दिली आणि पदव्यांशिवाय दिली, हे खरं.

मग डेलावेअर, न्यू जर्सी, मेरीलँडमधल्या छोट्या छोट्या मंडळ्यांत पाळकी. त्या काळाबद्दल तुला फार सांगत नाही. पाळकाची बदली आणि पाळकाची गरिबी तुझ्या घरात तू पाहिलीच आहेस. तिथलं दारिद्र्यही तसंच, फक्त थंडी जास्त. १९०२ साली त्याला फिलाडेल्फियाला परत पाठवलं, त्याच बेनब्रिज स्ट्रीटच्या चर्चला. ज्या फरशा झाडल्या, त्याच फरशीवरून चालत व्यासपीठावर. तेव्हा मंडळीत माणसं थोडी होती. दक्षिणेतून काळी कुटुंबं उत्तरेकडे येत होती, कामाच्या शोधात, जीव मुठीत धरून. टिंडलीने त्यांना चर्चचं दार उघडून दिलं. भुकेल्यांना फुकट जेवण देणारं सूप किचन सुरू केलं, राहायची सोय लावली, घरासाठी कर्ज मिळावं म्हणून बचत-कर्ज संस्था उभी केली. त्याच्या हयातीत मंडळी दहा हजारांच्या वर गेली. जागा पुरेना म्हणून १९०६मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर गेले, आणि १९२४मध्ये तिथेच नवं प्रचंड देऊळ बांधलं. हजारोंना बसता येईल असं. आजही साउथ ब्रॉड स्ट्रीटवर उभं आहे, टिंडली टेंपल या नावाने. मी पाहिलंय. पण ज्या नव्या इमारतीसाठी सगळ्यांनी पै पै जमवली, तिच्यात जायची वेळ आली नेमकी तेव्हा डेझी वारली. बिगारीपणापासून सोबत असलेली बायको. माणसाचं भलं झालं की त्याचं दुःख संपलं असं लिहिणाऱ्या चरित्रकारांचा मला राग येतो, तो याच कारणासाठी.

आता गाण्यांकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

टिंडलीने चाळीस-पन्नास गाणी केली, शब्द आणि चाल दोन्ही. बहुतेक १९००नंतरची, आणि १९१६ साली त्यांचा संग्रह निघाला. त्यातलं १९०५चं एक गीत घे. त्याचं म्हणणं असं की पुढे सगळं नीट कळेल. कडव्यांत काय आहे? अन्न नाही, छप्पर नाही, डोंगर तहानलेले, जमीन नापीक. त्या वेळच्या स्तोत्रपुस्तकांत असं थेट कुणी लिहायचं नाही. आत्म्याच्या भुकेबद्दल लिहायचे, पोटाच्या भुकेबद्दल नाही. याच्या मंडळीत सकाळी सूपच्या रांगेत उभी राहिलेली माणसं संध्याकाळी उपासनेला बसायची, मग तो दुसरं काय लिहिणार? दुसरं एक गीत, तेही १९०५चं, आयुष्यातली वादळं उठली की माझ्याजवळ उभा राहा एवढंच मागतं. वादळ थांबव असं मागत नाही, हे लक्षात घे. आणि १९१६चं ते ओझ्याचं गीत. एकजण रडगाणं घेऊन आला, तेव्हा टिंडलीने त्याला सांगितलं म्हणे, की सगळी दुःखं एका पोत्यात भर, प्रभूकडे ने आणि तिथेच ठेवून ये. माणूस घरी गेला आणि टिंडली लिहायला बसला.

चालींबद्दल तुला जास्त कळेल. बऱ्याच चाली पाच सुरांभोवती फिरतात, पेटीवर वाजवून बघ, भूपाच्या जवळ जाशील. ओळ संपते तिथे तो मोकळी जागा सोडतो. संगीताचे अभ्यासकही हेच सांगतात, की गाणाऱ्याने गंधार-निषाद थोडे उतरवून घ्यावेत, मध्येच हाक घालावी, शब्द वळवावेत, यासाठी त्याने मुद्दाम सोडलेली ही जागा. कडवं एकाने म्हणायचं, धृपद सगळ्यांनी उचलायचं. धृपद असं की दुसऱ्या खेपेला पुस्तक लागत नाही. रेव्हरंड टिळकांनी आपल्या मंडळीत अभंग आणि भजन आणलं ते थोड्याफार याच हिशेबाने. दोघं एकाच काळातले, टिळक दहा वर्षांनी धाकटे, एकमेकांचा पत्ता नाही. तुझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली टिळकांची गीतं तिला पुस्तक न उघडता यायची. आठवतंय?

मला वाटतं, ज्या माणसाने कागदाचे तुकडे वेचून वाचन कमावलं, त्याला न वाचता येणाऱ्याची अडचण पक्की ठाऊक होती. म्हणून त्याने गाणी अशी बांधली की दाराशी कुणी अडू नये. सिद्ध करता येणार नाही, पण गाणी हातात घेऊन बसलं की दुसरं काही सुचत नाही.

पुढचं तर तुझ्या माझ्या शाळेपर्यंत येतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं त्याचं एक गीत आहे, 'मी एक दिवस मात करीन' अशा अर्थाचं. १९४५-४६ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला तंबाखू कारखान्यातल्या कामगारांचा संप झाला, बायकाच पुष्कळ, बहुतेक काळ्या. त्या असंच एक गीत म्हणायच्या, आणि 'मी'च्या जागी 'आम्ही' आलं होतं. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर या चळवळीच्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या शाळेत गेलं आणि १९६०नंतर नागरी हक्कांच्या प्रत्येक मोर्चात. हिंदीत गिरिजाकुमार माथुरांनी आणलं आणि पंधरा ऑगस्टला आपण खाकी चड्डीत घसा ताणून 'हम होंगे कामयाब' म्हटलं. नीट सांगायचं तर चाल टिंडलीची नाही, ती दुसऱ्या जुन्या गाण्यांतून आलेली. शब्दांचं मूळ त्याच्यात किती, यावरही अभ्यासक भांडतात. मी त्याला सगळं श्रेय देत नाही. पण त्या गाण्याच्या घराण्यात तो आहे, आणि ज्याला इथे गॉस्पेलचा, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचा जनक म्हणतात त्या थॉमस डॉर्सीनेही टिंडलीचं ऋण मान्य केलंय.

टिंडली १९३३च्या जुलैत गेला. कॉलिंगडेलच्या ईडन कबरस्तानात पुरलं, आणि कितीतरी वर्षं त्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. गाणी मात्र जगभर चालू होती, बहुतेकांना कुणाची ते माहीत नसताना.

तर आता तुझी क्वायर. नोटेशन शिकव, जरूर शिकव, पोरांना तर शिकवच, मी त्याच्या विरोधात नाही. चार आवाजांची गाणी कानावर भागत नाहीत हेही मान्य. पण चाळणी लावू नकोस. एक गाणं असं ठेव ज्याला कागद लागत नाही, आणि त्याचं कडवं त्या मागच्या बाकावरच्या मावशींना म्हणू दे, ज्या नेहमी अर्धा सूर वर लावतात आणि ज्यांच्यावर तू दरवर्षी डोळे वटारतोस. पेटी त्यांच्या सुराला लावून घे. तुला जमतं ते. कॉलेजच्या गॅदरिंगला माझ्यासाठी तू हेच केलं होतंस.

ओझ्याचं गीत मराठीत करून बघतोय. दोन कडवी झालीत, धृपद अजून अडतंय, 'ठेवून ये'ला मात्रा बसत नाहीत. तयार झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर गाऊनच पाठवतो, आवाजाला हसू नकोस. तू पट्टी कळव, काळी दोन ठेवू की काळी एक? मावशींना विचारून कळव.

वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझाच