कोळसा, सांडपाणी आणि ताईचा साखरपुडा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझा निरोप पोचला. अगं, मी गटारात उतरत नाही! शुद्धीकरण केंद्रातून जीवाणूंची प्रक्रिया होऊन आलेलं, दिसायला नितळ पाणी कॅनमधून प्रयोगशाळेत येतं. हातमोजे, चष्मा सगळं असतं. तब्येत छान आहे.

इथे स्वित्झर्लंडमध्ये लोक उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत नेऊन देतात. पैसे मिळत नाहीत बरं का! नुसत्या टाकून द्यायला म्हणून शेजारच्या आजी पिशवी घेऊन निघतात, रांगेत उभ्या राहतात, वर दुकानदाराचे आभार मानतात. बेसिनमध्ये ओतलेलं औषध नदीत जातं, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. मी याच विषयावर काम करते हे सांगायची संधीच दिली नाही.

पण गिळलेल्या गोळीचं काय? सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा जवळपास निम्मा भाग लघवीतून तसाच बाहेर पडतो. म्हणून २०१६ पासून इथल्या निवडक केंद्रांना अशी सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढावीच लागतात. त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा, म्हणजे असंख्य बारीक छिद्रं असलेला कोळसा, वापरतात.

बाबा, "कोळशात संशोधन कसलं?" असं तुम्ही विचारलंत. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. औषधाच्या रेणूंतली वलयं कार्बनच्या थरांना चिकटतात. शुद्ध पाण्यात सगळं झकास जमतं. खऱ्या सांडपाण्यात मात्र इतर सेंद्रिय पदार्थ आधीच छिद्रं अडवून बसतात, आणि सल्फामेथॉक्साझोल या दुसऱ्या प्रतिजैविकावर त्या पाण्यात ऋणभार असल्यामुळे ते सहज निसटतं. मी शेतातल्या काडीकचऱ्याचा, कमी ऑक्सिजनमध्ये भाजलेला कोळसा तपासते. त्याची छिद्रं भरली की तो पुन्हा तापवून वापरायचा की जाळायचा, हाही प्रश्न आहेच. तेव्हा काम आहे, बाबा. भरपूर आहे.

आता राहिलेलं. कर्जाचा हप्ता भरला, काळजी नको. ताईसाठी थोडे वेगळे पाठवलेत. परत पाठवू नका, तिला काही घ्या. साखरपुड्याला मला जमणार नाही. कोळशाच्या स्तंभातून पाणी सलग सोडलंय, मध्येच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. ताईला मी सांगितलंय, ती "ठीक आहे" म्हणाली. तिचं "ठीक आहे" कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच जरा समजवा. लग्नाला नक्की येते, तिकीट काढलंय.

आणि आई, त्या स्थळाला माझा नंबर देण्याआधी मुलगी सांडपाण्यावर काम करते हे स्पष्ट सांग. तरीही फोन आला तर बोलेन.

तुमची,
धाकटी