नाव विचारायचं राहिलं, त्यांचे आभार

दोन दिवसांचा लेखक मेळावा संपला. स्वयंसेवकाचा बिल्ला गळ्यातून निघाला, पण काही आभार अडकून राहिलेत. नावं विचारली नाहीत, हा माझाच गाढवपणा.

पहिले रिक्षावाले काका. पाहुण्या कवयित्रींना रेल्वे स्टेशनवरून आणायचं होतं आणि मी पोचलो एसटी स्टँडवर! घामाघूम झालो. काका म्हणाले, "बस की, घाबरतो कशाला." गाडी यायच्या आत त्यांनी मला स्टेशनच्या दारात सोडलं. परतताना बाईंना भुईकोट किल्ला दाखवला, सिद्धेश्वर तलाव दाखवला. वर, 2006 साली अखिल भारतीय साहित्य संमेलन सोलापुरात भरलं होतं आणि अध्यक्ष होते आपल्याच सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली, हेही ऐकवलं. मी मराठीचा विद्यार्थी, मागे बसून गप्प! भाडं मात्र ठरलं तेवढंच घेतलं.

दुसऱ्या, सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या आजी. घरी तेलुगू, पण कवितेला मान हलायची ती अगदी जागेवर. जेवण कमी पडलं तेव्हा आम्हा पाच पोरांना कोपऱ्यात बोलावून त्यांनी आपला डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर कांदा. "तुम्ही काय खाणार?" विचारलं, तर म्हणाल्या, "मी ऐकायला आलेय रे."

आणि माइक बंद पडल्यावर मागच्या रांगेतून उठून वायर जोडून देणारे दादा, तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात. तो चहा बाकी आहे.